ग्रहांचे सोवळे

मंगळ, गुरू आणि शनी ही नावे आपल्या घरांत आणि देवळांत मुळीच अपरिचित नाहीत. नवग्रहांच्या पूजेत त्यांस आपापले स्थान आहे. कुंडलीतील मंगळावरून विवाह जुळतात वा मोडतात. आणि शनिवारी तेल वाहणारा भाविक शनीचे माहात्म्य आजही विसरलेला नाही. या तिन्ही ग्रहांकडे अनेक दशके मानव आपली यंत्रे पाठवीत आला आहे. त्या यंत्रांनी तेथे काय पाहिले, हे पुष्कळांनी पुष्कळ वेळा लिहिले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. ती यंत्रे निघण्यापूर्वी त्यांची शुद्धी का करावी लागली, आणि त्यांपैकी दोन अत्यंत यशस्वी यानांस त्यांच्या कर्त्यांनीच अखेर अग्नीच्या स्वाधीन का केले, हे येथे सांगावयाचे आहे. हा एका नियमाचा इतिहास आहे, आणि त्या नियमास आपल्या भाषेत एकच शब्द शोभतो : सोवळे.

या इतिहासाचा आरंभ, योगायोगाने, आपल्याच देशात शोधता येतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. त्यानंतर महिनाभराने अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग हे कलकत्त्यास आले होते. प्रसिद्ध ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन त्याच वर्षी इंग्लंड सोडून तेथे स्थायिक झाले होते, आणि लेडरबर्ग त्यांचे पाहुणे होते. त्या रात्री चंद्रग्रहण होते, आणि रशियन राज्यक्रांतीस चाळीस वर्षे पूर्ण होण्याचा तोच मुहूर्त होता. भोजनाच्या वेळी हाल्डेन यांनी अशी कल्पना बोलून दाखविली की, या उत्सवानिमित्त रशियाने काळवंडलेल्या चंद्रावर अणुस्फोटाचा लखलखाट केला तर? लेडरबर्ग यांनी ही हकीकत पुढे स्वतःच लिहून ठेविली आहे. सत्तेच्या स्पर्धेपायी एखाद्या आकाशस्थ गोलाची कायमची हानी होऊ शकेल, ही चिंता त्या संभाषणापासून त्यांच्या मनात घर करून राहिली. ग्रहणकाळ म्हणजे आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याच्या विचाराचा काळ. त्याच रात्री परलोकीच्या नव्हे, तर परग्रहावरच्या विटाळाचा विचार कलकत्त्याच्या एका घरात व्हावा, हा योग मोठा मनोवेधक आहे.

लेडरबर्ग यांस पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांच्या शब्दास वजन आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. पृथ्वीवरील यंत्र दुसऱ्या ग्रहावर उतरेल तेव्हा त्याच्या अंगाखांद्यावर बसून पृथ्वीवरील सूक्ष्मजंतूही तेथे उतरतील. ते तेथे जगले आणि वाढले, तर त्या ग्रहावर मुळात काही सजीव होते की नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा मार्गच कायमचा बंद होईल. आणि तेथे खरोखरच काही सजीव असतील, तर आपले जंतू त्यांचा घातही करतील.

ही भीती काल्पनिक म्हणून सोडून देण्याजोगी नव्हती. जहाजातून केवळ यादीत लिहिलेला मालच येत नाही, हे समुद्रकाठच्या माणसास कोणी शिकवावे लागत नाही. पोर्तुगीजांच्या जहाजांनी ब्राझीलहून काजू आणला, मिरची आणली. त्या आज आपल्या स्वयंपाकघरांत जन्मजात हक्काने नांदतात. परंतु अशाच जहाजांनी अमेरिका खंडात देवीचा रोगही नेला, आणि ज्या लोकांच्या शरीरास त्या रोगाची ओळख नव्हती ते लक्षावधींनी मेले. जहाजाच्या कप्तानास तो माल आपल्या जहाजात आहे, हे ठाऊकही नव्हते. अज्ञानाने केलेल्या हानीची भरपाई कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. म्हणून शहाणपण आधीच दाखवावे लागते.

१९५८ मध्ये जागतिक विज्ञानसंस्थांच्या परिषदेने या प्रश्नासाठी एक समिती नेमली, आणि त्याच वर्षी अंतराळ-संशोधनासाठी ‘कोस्पार’ नावाची आंतरराष्ट्रीय समितीही जन्मास आली. यानांच्या शुद्धीचे दंडक ठरविण्याचे काम पुढे या समितीकडे आले. नियम करणे सोपे होते. पाळणे कठीण ठरले. अमेरिकेने चंद्राकडे पाठविलेल्या ‘रेंजर’ मालिकेतील आरंभीची याने उष्णतेने निर्जंतुक केली होती. १९६२ साली ती लागोपाठ निकामी झाली, आणि त्या भाजण्यानेच नाजूक विद्युत्-यंत्रणा दुबळी झाली असावी असे मत पडले. पुढे ती उष्ण शुद्धी गाळण्यात आली. सोवळ्याने पदार्थच करपला तर कोण जेवणार, असाच हा प्रश्न होता, आणि शास्त्रज्ञांतही त्यावर दोन तट पडले. तिकडे रशियाचे ‘मार्स २’ हे यान २७ नोव्हेंबर १९७१ रोजी मंगळावर आदळले. मानवी हातांनी घडविलेली ती त्या ग्रहावरची पहिली वस्तू. त्यानंतर पाचच दिवसांनी ‘मार्स ३’ तेथे अलगद उतरले, परंतु लगेचच मूक झाले.

दरम्यान या नियमास कायद्याचे रूप आले होते. २७ जानेवारी १९६७ रोजी अंतराळविषयक करार स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरपासून तो अंमलात आला. कोणत्याही राष्ट्राने चंद्रावर वा अन्य ग्रहगोलांवर मालकी सांगू नये, हे त्याचे दुसरे कलम सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाचे कलम नववे. त्याचा आशय असा : ग्रहगोलांचे संशोधन करताना त्यांचे हानिकारक दूषण टाळावे, आणि तेथून आणलेल्या द्रव्याने पृथ्वीच्या परिसरातही अनिष्ट पालट होऊ देऊ नये. म्हणजे विटाळ दोन्ही दिशांनी मानला आहे. जातानाही आणि येतानाही.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर या कलमात दोष पुष्कळ दिसतात. ‘हानिकारक’ म्हणजे काय, याची व्याख्या नाही. हानी कोणाची, मंगळाची की मंगळाचा अभ्यास करणाऱ्याची, याचा खुलासा नाही. नियमभंगास शिक्षा सांगितलेली नाही, आणि फिर्याद ऐकण्यास न्यायासनही नेमलेले नाही. कोस्पारचे दंडक तर शब्दशः कायदाही नव्हेत. ते केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे आहेत. असे असता या नियमाची पुढील वाटचाल कशी झाली, हेच या कथेतील सर्वांत लक्षणीय प्रकरण होय.

१९७५ साली अमेरिकेने ‘व्हायकिंग’ नावाची दोन याने मंगळाकडे धाडली. मातीत सजीव आहेत की नाहीत, हे त्यांस शोधावयाचे होते. आपल्याच जंतूंना मंगळावरचे रहिवासी समजण्याची चूक होऊ नये, म्हणून त्यांची जी शुद्धी झाली तिला तोड नाही. प्रत्येक उतरणारे यान आधी घासूनपुसून स्वच्छ करण्यात आले. त्यावरील चिवट बीजाणूंची संख्या तीन लक्षांच्या आत आणण्यात आली. मग ते एका बंदिस्त कवचात घालून सुमारे ११२ अंश सेल्सिअसच्या भट्टीत सुमारे तीस तास भाजण्यात आले. ते कवच उघडले ते पृथ्वीचे वातावरण मागे पडल्यानंतरच. स्नान करून सोवळे नेसलेला पुजारी वाटेत कोणाचा स्पर्श होऊ न देता गाभाऱ्यात शिरतो, त्याची आठवण येथे कोणासही व्हावी. २० जुलै आणि ३ सप्टेंबर १९७६ रोजी ही याने मंगळावर उतरली. मातीच्या एका परीक्षेने होकारार्थी खूण दिली, दुसऱ्या उपकरणास सेंद्रिय द्रव्याचा मागमूसही लागला नाही, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी निर्णय नकारार्थी दिला. तो वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु साक्षीदार बाटलेला होता, असे मात्र कोणी म्हणू शकत नाही.

या अनुभवानंतर, सर्वांस एकच कडक नियम लावणे व्यवहार्य नाही, हे ध्यानात आले. १९८४ मध्ये कोस्पारने यानांचे पाच वर्ग केले. त्यांची रचना देवळाच्या रचनेशी ताडून पाहिली म्हणजे चटकन समजते. आवारात कोणीही यावे, सभामंडपात पादत्राणे काढून यावे, चौकात मोजक्यांनी, आणि गर्भकुडीत केवळ सोवळ्यातील पुजाऱ्याने. त्याप्रमाणे बुधासारख्या ठिकाणी, जेथे सजीवांचा प्रश्नच उद्भवत नाही, तेथे जाणाऱ्या यानास बंधन नाही. मंगळाभोवती नुसती प्रदक्षिणा घालणाऱ्यास काही बंधने आहेत, उतरणाऱ्यास अधिक आहेत. खुद्द मंगळावरही, जेथे ओलावा असण्याचा आणि पार्थिव जंतू तग धरण्याचा संभव आहे, असे प्रदेश ‘विशेष’ मानून तेथील नियम सर्वांत कडक ठेविले आहेत. पृथ्वीवर परत येणाऱ्या यानांचा वर्ग निराळा आहे. ‘गर्भकूड’ हा शब्द त्या दंडकांत नाही इतकेच.

या सोवळ्याचे शत्रूही लहान नाहीत. याने जेथे बांधली जातात त्या स्वच्छ खोल्यांत हवा गाळून घेतात, भिंती व जमीन रसायनांनी पुसतात, कामगार नखशिखान्त झाकलेले असतात. तरीही अशा खोल्यांत जंतू तग धरून राहतात. फ्लोरिडातील आणि दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधील, परस्परांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन यानगृहांत एकच नवा जंतू सापडला, आणि २०१३ साली त्याची रीतसर नोंद झाली. म्हणजे आपण जितके शुद्धीकरण करतो तितके त्यास पुरून उरणारे जंतूच आपण निवडून मागे ठेवतो. माणसांच्या हातून नियमही सुटतात. ‘क्युरिऑसिटी’ या मंगळ-गाडीच्या छिद्रकाची निर्जंतुक पाती बंद पेटीत ठेविलेली होती. उड्डाणापूर्वी अभियंत्यांनी ती पेटी उघडून एक पाते आधीच बसविले. उतरताना बिघाड झाला तर निदान एक पाते तरी कामास यावे, हा त्यामागचा हेतू. पण शुद्धीच्या अधिकाऱ्यांची संमती मात्र आधी घेतली नव्हती. परिणामी त्या गाडीचा वर्ग खाली आणावा लागला, आणि विशेष प्रदेशांत जाण्याची मुभा तिला राहिली नाही. सोवळे मोडले, म्हणून गर्भकुडीचे दार बंद झाले. २०१२ पासून ती गाडी मंगळावर मोठे काम करीत आली; परंतु ते सारे सभामंडपातले.

आता दूरच्या ग्रहांकडे वळू. १९७७ मध्ये निघालेली दोन ‘व्हॉयेजर’ याने गुरू व शनी यांच्याजवळून गेली. त्यांपैकी दुसऱ्याने १९८६ मध्ये युरेनस आणि १९८९ मध्ये नेपच्यूनही पाहिला. ती कोठेच उतरली नाहीत. जवळून गेली आणि पुढे सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर निघून गेली. म्हणून त्यांच्या विटाळाची चिंता कोणास फारशी करावी लागली नाही. त्यांच्याबरोबर मानवाने जाणूनबुजून जे पाठविले ते मात्र उल्लेखनीय आहे : एक सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठी आहे. शिवाय भारतीय संगीताचे प्रतिनिधित्व करणारा एकच आवाज तीत आहे. तो फोंड्याजवळच्या केरी गावात जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा, राग भैरवी. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि अकराच दिवसांनी केसरबाई निवर्तल्या. मैफलीच्या अखेरीस गायची भैरवी अशा प्रवासास निघाली की ज्यास अखेरच नाही. आपल्याकडून परक्या लोकी जावे ते काय, आणि जाऊ नये ते काय, या प्रश्नाची ही एक बाजू. दुसरी बाजू गुरू आणि शनी यांच्यापाशी राहावयास गेलेल्या यानांनी दाखविली.

‘गॅलिलिओ’ हे यान १९८९ मध्ये निघून ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूच्या कक्षेत शिरले. त्याचा मुख्य आकाशक नीट उघडलाच नव्हता; तरी लहान आकाशकावर भागवून त्याने आठ वर्षे काम केले. युरोपा या गुरूच्या उपग्रहावर बर्फाचे कवच आहे. त्या कवचाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा, याचा भक्कम पुरावा याच यानाने मिळविला. आणि येथेच पेच निर्माण झाला. यान निघाले तेव्हा युरोपावर जीवसृष्टीचा संभव एवढ्या गांभीर्याने कोणी धरला नव्हता, म्हणून त्याची व्हायकिंगसारखी शुद्धी झालेली नव्हती. इंधन संपत आले होते. त्यास तसेच भटकू दिले असते, तर आज ना उद्या ते युरोपावर आदळण्याचा संभव होता, आणि त्यातील प्लुटोनियमची ऊब बर्फ वितळविण्यास समर्थ होती. ज्या समुद्राचा शोध त्याने लावला त्यासच ते बाटविणार होते. तेव्हा त्याच्या कर्त्यांनी त्यास २१ सप्टेंबर २००३ रोजी गुरूच्या वातावरणात लोटले. सेकंदास सुमारे ४८ किलोमीटर वेगाने शिरून ते जळून गेले.

हीच कथा शनीपाशी अधिक हृद्य रीतीने घडली. ‘कसिनी’ यान १९९७ मध्ये निघून २००४ मध्ये शनीजवळ पोचले. जानेवारी २००५ मध्ये त्याच्याबरोबरचे ‘हायगेन्स’ टायटन या उपग्रहावर उतरले. त्याच वर्षी कसिनीस एन्सेलाडस या जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाच्या उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याच्या वाफेची व हिमकणांची कारंजी उसळताना दिसली. पुढे त्या फवाऱ्यांतूनच ते गेले. त्यात मीठ, सेंद्रिय द्रव्ये आणि हायड्रोजन आढळले. त्याच यानाने जमविलेल्या माहितीतून २०२३ साली फॉस्फेटचाही पुरावा मिळाला. जीवनास लागणारे बहुतेक साहित्य त्या चिमुकल्या गोलाच्या पोटात आहे, एवढे आज म्हणता येते. तेरा वर्षे शनीच्या संगतीत राहिल्यावर कसिनीचेही इंधन संपत आले. २०१७ च्या एप्रिलपासून ते शनी आणि त्याची कडी यांमधील अरुंद जागेतून बावीस वेळा गेले, आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीत विलीन झाले. अखेरच्या क्षणी विरळ वातावरणाचा मारा बसत असताना आपला आकाशक पृथ्वीकडे रोखून धरण्यासाठी ते आपल्या लहान धक्कायंत्रांनिशी झगडत होते, आणि शनीच्या हवेची माहिती पाठवीत होते. त्याचा शेवटचा संदेश पृथ्वीवर पोचावयास ८३ मिनिटे लागली. तो ऐकू आला तेव्हा यान केव्हाच नाहीसे झाले होते. आपल्या हातांनी घडविलेली मूर्ती पाण्यात सोडताना घरच्यांचा कंठ दाटून येतो, हे ज्यांनी अनुभविले आहे त्यांस त्या शास्त्रज्ञांची अवस्था समजावून सांगण्याचे कारण नाही.

या दोन विसर्जनांमागे कोणत्याही न्यायालयाची आज्ञा नव्हती. यान जिवंत ठेवून आणखी काही काळ चित्रे मिळविण्याचा मोह कमी नव्हता. तरीही, जेथे कदाचित कोणी असेल, कदाचित कोणीही नसेल, अशा एका अंधाऱ्या समुद्राच्या शुद्धतेसाठी शास्त्रज्ञांनी आपली सर्वांत मोलाची वस्तू सोडून दिली.

येथे एक गोष्ट निर्भीडपणे बोलली पाहिजे. आपल्या समाजात सोवळे हा शब्द निष्कलंक राहिलेला नाही. त्याच्या आडून माणसाने माणसास दूर लोटले. विहिरीवर, देवळाच्या दारात, पंगतीत. त्या सोवळ्यात एक गृहीत होते : मी शुद्ध, समोरचा अशुद्ध. ग्रहांच्या सोवळ्यात ते गृहीत नेमके उलटले आहे. विटाळ करणारे आपण आहोत, आणि ज्यास अद्याप पाहिलेही नाही तो जपण्याजोगा आहे, असे मानवजातीने येथे प्रथम एकमुखाने मान्य केले. सोवळ्याचा मूळ अर्थ पाहिला तर तो हाच असावयास हवा. पुजारी स्नान करतो तो देव बाटेल म्हणून नव्हे. आपण जेथे जात आहो तेथे आपला मळ नेऊ नये म्हणून. हा अर्थ परत मिळविण्यास शनीपर्यंत जावे लागले, ही आपल्यासाठी लाजेची आणि बोधाचीही गोष्ट आहे.

हा नियम यापुढे टिकेल काय, हा खरा प्रश्न आहे. आजवर ग्रहयात्रा ही सरकारांची मक्तेदारी होती. आता ती तशी राहिलेली नाही. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एका खाजगी अग्निबाणाने निर्जंतुक न केलेली मोटारगाडी मंगळाच्या कक्षेपलीकडे जाणाऱ्या मार्गावर भिरकावली. ११ एप्रिल २०१९ रोजी चंद्रावर आदळलेल्या इस्राएली यानात ‘जल-अस्वल’ नावाचे अतिचिवट सूक्ष्म प्राणी ठेविलेले होते, आणि ते जगास कळले यान कोसळल्यानंतर कित्येक महिन्यांनी. कराराचे सहावे कलम सांगते की, खाजगी संस्थांच्या कृत्यांची जबाबदारीही त्या-त्या राष्ट्राचीच आहे आणि त्यांवर सतत देखरेख ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. भारताने हा करार १९८२ मध्ये स्वीकारला. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचले, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अंतराळ-धोरणाने आपल्याकडेही खाजगी संस्थांस दार उघडले. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे येथे विसरता कामा नये.

त्याहून मोठी कसोटी खुद्द माणूस मंगळावर जाईल तेव्हा लागेल. यंत्र भट्टीत घालता येते, माणसास घालता येत नाही. त्याच्या त्वचेवर, आतड्यांत, श्वासात अगणित जंतूंचा संसार आहे; चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या प्रवाशांनी तेथे विष्ठेच्या पिशव्यादेखील मागे ठेविल्या. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीने अत्यंत शुद्ध नळ्यांत खडकांचे नमुने भरून ठेविले आहेत. त्यांपैकी एकाच्या खडकात प्राचीन जीवनाची संभाव्य खूण असल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. माणसाचा पाय तेथे पडण्यापूर्वी या साक्षीदारांची साक्ष नोंदवून घेणे, हे कोणाही विवेकी न्यायाधीशास आवश्यक वाटेल.

हिंदू कायद्याच्या अभ्यासकास १८६८ सालचा मदुरेचा खटला माहीत असतो. रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथातील वचनापेक्षाही वरचढ ठरतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने त्यात दिला. आपल्या धर्मशास्त्रानेही सदाचारास धर्माचे एक प्रमाण मानलेच आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यातही दीर्घकाळ निष्ठेने पाळलेली चाल बंधनकारक ठरते. तेव्हा नवव्या कलमाची भाषा कितीही मोघम असो, व्हायकिंगची भट्टी, गॅलिलिओचे गुरूत उडी घेणे, कसिनीचे शनीत विलीन होणे, ही तिच्या पाठीशी उभी असलेली चाल आहे. शिक्षेच्या भयाने पाळलेले नियम इतिहासात पुष्कळ आहेत. कोणी पाहत नसता, कोणी फिर्याद करणार नसता पाळलेले थोडे. त्या थोड्यांत याची गणना राहावी, एवढे आपल्या हाती आहे. ‘युरोपा क्लिपर’ हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले असून २०३० साली ते गुरूपाशी पोचावयाचे आहे. त्याच्यावरही तीच अट आहे : त्याच्यामुळे युरोपाचा समुद्र बाटण्याचा संभव दहा हजारांत एकाहून अधिक असता कामा नये. गर्भकुडीचा उंबरठा अजून शाबूत आहे.